पडद्यावरचे पान आणि कपाटातले पुस्तक

ग्रंथालय म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. उंच छताची, काहीशी अंधारी खोली. लाकडी खणांत दाटीने बसविलेली तालिकापत्रे. जुन्या कागदाचा ओळखीचा वास. आणि मागणीपत्र भरून दिल्यावर, आतल्या दाराकडे डोळे लावून शिपायाची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास. हैदराबादेत वाढलेल्या मराठी माणसाच्या मनात या चित्राला अफजलगंजच्या असफिया ग्रंथालयाची भव्य इमारत असते, उस्मानिया विद्यापीठाचे ग्रंथालय असते, अशोकनगरचे सिटी सेंट्रल ग्रंथालय असते. आणि ग्रंथालय नव्हे, पण ग्रंथालयाहूनही अधिक जिव्हाळ्याचा असा आबिड्सच्या पदपथावरचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजारही असतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी भाची हिमायतनगरच्या आमच्या घरी राहून गेली. निजामाच्या राज्यातील मराठी वाचनाची परंपरा हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे. "मामा, मी इथे ग्रंथालयांत बसायला आले आहे," असे ती आल्या आल्या म्हणाली; परंतु पहिले तीन दिवस तिने घराचा उंबरठाही ओलांडला नाही. गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती सकाळपासून रात्रीपर्यंत वाचीत बसे. चौथ्या दिवशी मला राहवले नाही. "अगं, तू ग्रंथालयात जाणार तरी केव्हा?" मी विचारले. ती हसली. "मामा, तीन दिवस मी ग्रंथालयातच आहे की!" असे म्हणून तिने पडदा माझ्याकडे वळविला.

पडद्यावर एक जुने मराठी पुस्तक उघडलेले होते. त्याच्या आरंभीच्या पानावर जी चिठ्ठी डकवलेली दिसली ती पाहून मी क्षणभर स्तब्ध झालो. उस्मानिया विद्यापीठ ग्रंथालय. खाली बोधांक, दाखल क्रमांक, ग्रंथकर्ता, ग्रंथनाम. आणि त्याखाली, शेवटी नोंदविलेल्या तारखेस किंवा त्यापूर्वी पुस्तक परत करावे, अशी सूचना. विद्यार्थीदशेत ही चिठ्ठी मी शेकडो वेळा पाहिली होती. आज तीच चिठ्ठी पुणे, लंडन किंवा शिकागो येथे बसलेल्या कोणाही अभ्यासकाला घरबसल्या दिसते. आणि पुस्तक परत करण्याची तारीख मात्र कधीच येत नाही.

उस्मानियाची चिठ्ठी जगभर कशी गेली?

ही किमया एका दिवसात घडलेली नाही. आपल्या चित्तूर जिल्ह्यात जन्मलेले आणि संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक १९९४ साली मिळविणारे डॉ. राज रेड्डी यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातून एक कल्पना मांडली: जगातील दहा लक्ष पुस्तके संगणकावर उतरवून ती सर्वांना विनामूल्य वाचावयास द्यावीत. या उपक्रमात भारत व चीन यांचा वाटा मोठा होता. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा पुढाकार होता, आणि हैदराबादेतील आयआयआयटी हे पुस्तकांच्या स्कॅनिंगचे एक प्रमुख केंद्र बनले. आपल्या शहरातील ग्रंथालयांच्या कपाटांतून पुस्तके निघाली, यंत्राखाली गेली आणि पुन्हा कपाटांत परतली. २००७ साली दहा लक्षांचे उद्दिष्ट ओलांडून पंधरा लक्षांचा टप्पा गाठल्याचे जाहीर झाले.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या नावाने ओळखला गेलेला आपल्याकडील हा संग्रह पुढे स्वामित्वहक्काच्या प्रश्नांत सापडला आणि त्याचे मूळ संकेतस्थळ बंद झाले. परंतु तत्पूर्वी त्यातील लक्षावधी पुस्तके सॅन फ्रान्सिस्को येथील 'इंटरनेट आर्काइव्ह' या, १९९६ साली स्थापन झालेल्या, संस्थेच्या भांडारात जाऊन पोहोचली होती. म्हणून आज आपल्या उस्मानियाचे मराठी पुस्तक वाचावयाचे तर वाट अमेरिकेवरून जाते! आपल्या देशात आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्राला अर्पण करण्यात आले, तर राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' २०१५ पासून सुरू आहे. या अभिलेखागारात हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीचे दप्तर आहे, ही गोष्ट आपल्या भागाच्या इतिहासाची आवड असलेल्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

यंत्राखाली पुस्तक घालणाऱ्या अनाम हातांनी काही पुस्तकांच्या आरंभी एक लहानशी पाटी ठेवलेली आहे. एकावर 'टाइट बाइंडिंग बुक', म्हणजे बांधणी घट्ट असल्यामुळे आतल्या कडेची अक्षरे दिसणार नाहीत. दुसऱ्यावर 'ड्रेंच्ड बुक', म्हणजे भिजलेले पुस्तक. तिसऱ्यावर 'पेजेस मिसिंग', म्हणजे आतील पाने गहाळ आहेत. आपल्या हातातील वस्तूचे वैगुण्य प्रथमच सांगून टाकणारी ही पाटी मला फार प्रामाणिक वाटली. तिचे महत्त्व किती मोठे आहे ते पुढे कळले.

शोधण्याची विद्या

इतिहास, साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान या मानव्यविद्यांचे संशोधक अशा संग्रहांचा उपयोग नेमका कसा करतात, हे मी भाचीकडे बसून कुतूहलाने पाहिले. माझा असा समज होता की शब्द टाकला की उत्तर मिळते. वस्तुतः तसे नाही. शब्द कोणता टाकावा, ही एक स्वतंत्र विद्याच आहे.

साधे उदाहरण घेऊ. 'हिमायतनगर' हा शब्द टाकला तर आपल्या नारायणगुड्याशेजारच्या हिमायतनगराबरोबर नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुकाही पुढे येतो. दोन्ही एकेकाळी एकाच निजामी राज्यात होती. त्यामुळे जुन्या कागदात नाव आले तरी ते कोणते, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. त्यातही नांदेडच्या गावाचे जुने नाव वाढोणा. ज्याला हे ठाऊक नाही त्याला त्या गावाचा जुना इतिहास यंत्र कधीच दाखविणार नाही.

याहून उद्बोधक उदाहरण खुद्द हैदराबादचे. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामअलीच्या दरबारी होते. तेथून त्यांनी पुण्यास पाठविलेली पत्रे म्हणजे १७९५च्या खर्ड्याच्या लढाईपूर्वीच्या राजकारणाचा आरसाच होय. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड, वासुदेवशास्त्री खरे यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह', पारसनीसांचा 'इतिहाससंग्रह', सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेले 'पेशवे दप्तरा'चे पंचेचाळीस भाग ही सारी साधने आज पडद्यावर पाहता येतात. पूर्वी ती एका छताखाली मिळणे दुरापास्त होते. जेथे होती तेथे जाऊन, राहून, हाताने उतरवून घ्यावी लागत. पण नवशिक्या संशोधकाने त्यांत 'हैदराबाद' हा शब्द शोधला तर तो निराश होण्याचा संभव फार. कारण मराठी कागदांत हे शहर बहुधा 'भागानगर' या नावाने येते, आणि निजामाच्या पक्षाला लेखक सरसकट 'मोगल' म्हणतात. ज्याने आधी चार पत्रे नीट वाचली आहेत त्यालाच पाचव्या पत्रात काय शोधावे ते कळते. यंत्र वेगवान खरे. परंतु दिशा वाचणाऱ्यालाच दाखवावी लागते.

लेखनपद्धतीचा प्रश्न आणखी निराळा. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि आपल्या लेखनातून व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'काही'वर दोन अनुस्वार आहेत, 'घरात' या शब्दावर एक आहे. आजच्या पद्धतीने लिहिलेला शब्द कालच्या पुस्तकात सापडत नाही. त्यात यंत्रवाचनाच्या चुकांची भर. छापील पानाचे चित्र पाहून त्यातील अक्षरे ओळखण्याचे काम संगणक आता बऱ्यापैकी करतो. पण झिजलेल्या खिळ्यांचे जुने मुद्रण असले की 'ख'चा 'रव' होतो, 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो. भाची 'खाजगी' हा शब्द शोधताना 'रवाजगी' हाही शोधीत असे! आणि पुस्तकांची नावे तरी धड कोठे आहेत? मराठी नावे रोमन लिपीत, दीर्घ स्वरासाठी अक्षर दुप्पट करून आणि अनुस्वारासाठी मध्येच अवतरणचिन्ह घालून अशी नोंदविलेली आहेत की ग्रंथकर्त्यालाही आपला ग्रंथ ओळखू येऊ नये. चुकीच्या नोंदीखाली गेलेले पुस्तक हे ग्रंथालयात चुकीच्या खणात ठेवलेल्या पुस्तकासारखेच. ते असूनही नसते.

जे मिळाले ते थोडे नव्हे

मात्र या अडचणी सांगितल्या म्हणून जे मिळाले त्याचे मोल कमी होत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला. त्याची १८५७ची सुधारलेली आवृत्ती, तसेच दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेला 'महाराष्ट्र शब्दकोश', हे दोन्ही शिकागो विद्यापीठाने आंतरजालावर शोधण्याजोगे करून ठेवले आहेत. ज्या अर्थासाठी पूर्वी पाच जाड खंड उचलावे लागत, तो अर्थ आज बसल्या जागी कळतो. हैदराबादेत १९३१ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर होते, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी आपणास अभिमानाने सांगितलेले असते. त्या केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संगणकावर आणला आहे. एका माणसाने ध्यास घेऊन उभारलेला तेवीस खंडांचा तो डोलारा आज शाळकरी मुलालाही हाताशी आहे.

जगाकडे पाहिले तर या कामाचा आरंभ एका इटालियन धर्मगुरूने केला असे मानतात. फादर रोबेर्तो बुसा यांनी १९४९ साली आयबीएम कंपनीच्या साहाय्याने संत थॉमस अक्वायनस यांच्या समग्र ग्रंथांची शब्दसूची करावयास घेतली. त्यास सुमारे तीस वर्षे लागली आणि छापील खंड झाले छप्पन्न. आपल्याकडे त्याच तोलाचे काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झाली. तिची संहिता जपानमधील क्योटोचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर उतरविली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. पुण्याच्या पंडितांनी अर्धशतक खपून सिद्ध केलेला पाठ क्योटोत टंकलिखित झाला आणि केंब्रिजमध्ये शुद्ध झाला. विद्येला देशाच्या सीमा नसतात, हे वाक्य एरवी सभेत बोलावयाचे; येथे ते अक्षरशः खरे झालेले दिसते.

या साधनांमुळे संशोधनाची रीतही पालटली आहे. पूर्वी एक ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत वाचून टिपणे काढावयाची. आता एकच शब्द शंभर ग्रंथांतून पाहता येतो. एखादी कल्पना मराठीत प्रथम केव्हा अवतरली, कोणता शब्द मागे पडला, एकाच घटनेबद्दल पुण्याचे लेखक काय म्हणतात आणि मराठवाड्याचे काय, याचा मागोवा एकट्या माणसाला घेता येतो. मात्र यात एक धोका आहे. शोधलेला शब्द ज्या पानावर सापडला ते एकच पान वाचून पुढे जाण्याची सवय लागते. मागचे पान आणि पुढचे पान यांच्यावाचून मधल्या पानाचा अर्थ लागत नाही, ही जुन्या वाचकांना उपजत ठाऊक असलेली गोष्ट नव्या संशोधकाला प्रयत्नपूर्वक शिकावी लागते.

आणखी एक गोष्ट भाचीने मोकळेपणाने कबूल केली. पुष्कळ संशोधक पुस्तक वाचतात पडद्यावर आणि तळटिपेत मात्र छापील आवृत्तीचा उल्लेख करतात, जणू काही ते मूळ प्रत हाताळूनच आले आहेत! प्रतिष्ठेची ही लहानशी लबाडी निरुपद्रवी वाटते; पण ती तशी नाही, याचा प्रत्यय आम्हांस त्याच आठवड्यात आला.

गहाळ झालेली दोन पाने

भाचीला जुन्या काळच्या एका मराठी शिक्षकाच्या आठवणींचे लहानसे पुस्तक पडद्यावर मिळाले होते. त्यात गृहस्थांनी आपल्या वस्तीतील स्त्रियांच्या एका वाचनमंडळाचा वृत्तान्त दिला होता. दुपारी कामे आवरल्यावर दहा-बारा बायका एका घरी जमत आणि एकीने वाचावयाचे, बाकीच्यांनी ऐकावयाचे, असा त्यांचा परिपाठ. भाचीच्या प्रबंधाला याहून चांगला पुरावा कोणता? एकशे अकराव्या पानाच्या तळाशी मजकूर असा होता की, पुढे हे मंडळ एकाएकी बंद पडले. त्यानंतर पडद्यावर आले ते पान एकशे चौदावे. आणि तेथे लेखक आपल्या बदलीविषयी बोलू लागला होता. मधली दोन पाने नव्हती.

मंडळ का बंद पडले असावे? निजामी राजवटीत सभाबंदी करणारी 'गश्ती निशाण ५३' इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. परवानगीवाचून सभा भरविण्यास मनाई होती. तेव्हा या निरुपद्रवी वाचनमंडळावरही त्या फर्मानाची कुऱ्हाड कोसळली असावी, असा तर्क भाचीने केला. तर्क सुसंगत होता, हृदयद्रावक होता. त्यावर तिने चार पाने लिहूनही टाकली होती.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण दोन पाने न वाचता चार पाने लिहिणे मला प्रशस्त वाटेना. "पुस्तकाची दुसरी प्रत कोठे तरी असेलच," मी म्हणालो. आम्ही दोघे एका ग्रंथालयात गेलो. तालिकेत नोंद होती, पुस्तक जागेवर नव्हते. दुसरीकडे गेलो; तेथे जुनी मराठी पुस्तके गाठोड्यांत बांधून ठेवलेली होती आणि ती सोडावयास माणूस नव्हता. रविवारी आबिड्सचा पदपथ पालथा घातला. पुस्तक मिळाले नाही.

मिळाले ते आमच्या गल्लीत, चार घरे पलीकडे. तेथील आजींचे यजमान पूर्वी शिक्षक होते. घर पाडून तेथे सदनिका होणार म्हणून सामानाची आवराआवर चालली होती. मी सहज विषय काढला. आजी म्हणाल्या, "पुस्तकं आहेत हो दोन ट्रंका भरून. मुलं म्हणतात, नव्या जागेत कुठे ठेवायची? परवा रद्दीवाल्याला बोलावलंय." भाचीने पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि ट्रंकेपाशी बसली. संध्याकाळी सहाच्या सुमारास, पंचांगांच्या आणि दिवाळी अंकांच्या चळतीखाली ते पुस्तक सापडले. मुखपृष्ठ नव्हते, परंतु एकशे बारा आणि एकशे तेरा ही पाने शाबूत होती.

त्या पानांवर फर्मानाचे नावही नव्हते. वस्तीत प्लेग आला, उंदीर पडू लागले, आणि लोक घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत जाऊन राहिले म्हणून मंडळ बंद पडले होते. लेखकाने वर्षही दिले होते. ते सभाबंदीच्या कितीतरी आधीचे. आणि पुढे असे होते की, साथ ओसरल्यावर परत आलेल्या बायकांनी तेच वाचन पुन्हा सुरू केले. मात्र वाचणारी पहिली बाई आता नव्हती, तिच्या जागी तिची लेक वाचू लागली.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, मी त्या बायकांना फर्मानाला घाबरून गप्प बसलेल्या म्हणून लिहिलं होतं. त्या तर प्लेगमधून परत येऊन पुन्हा वाचायला बसल्या." त्या रात्री तिने आपली चार पाने खोडली. प्रबंध लहान झाला, पण खरा झाला. त्या बायकांची नावे कोणास ठाऊक नाहीत; मात्र त्यांच्यावर झालेला एक अन्याय, अजाणता का होईना, टळला.

विशेष म्हणजे पडद्यावरच्या त्या प्रतीच्या आरंभी 'पेजेस मिसिंग' ही पाटी होती. भाचीने ती पाहिली होती. पण पान उलटण्याच्या घाईत मनावर घेतली नव्हती.

पूर आणि घाला

या प्रसंगावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, जुने तेच खरे. संगणकाच्या नादी लागू नये. तो निष्कर्ष माझ्या मते चुकीचा ठरेल. ते पुस्तक पडद्यावर नसते तर त्याचे नावही भाचीला कळले नसते, आणि आजींच्या ट्रंकेतली प्रत रद्दीच्या तराजूत गेली असती. पडद्याने कपाटाचा पत्ता दिला, कपाटाने पडद्याची उणीव भरली. दोन्ही एकमेकांची पूरक आहेत.

दोहोंपैकी अमर मात्र कोणीच नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेला महापूर हैदराबादचा माणूस विसरलेला नाही. हजारो माणसे गेली. घरांबरोबर किती दप्तरे आणि पोथ्या वाहून गेल्या याची गणती कोण करणार? २००४च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, आणि पिढ्यांनी जपलेल्या ग्रंथांची नासधूस एका दिवसात झाली. मग संगणक तरी सुरक्षित आहे काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर घाला पडला आणि तिची तालिकाच काही महिने वाचकांना दुर्लभ झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये आपल्या उस्मानियाची पुस्तके आहेत, तेही असेच काही दिवस बंद पडले. कागदाला पाणी, वाळवी आणि माणसाचा क्रोध यांचे भय. पडद्याला अदृश्य चोरांचे. म्हणून एकच वस्तू दोन ठिकाणी, दोन रूपांत असावी, हा आपल्या पूर्वजांचा पोथ्यांच्या नकला करून ठेवण्याचा शिरस्ताच अखेर शहाणपणाचा ठरतो.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. पडदा पान देतो, वाचण्याची शक्ती देत नाही. तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारातील कोट्यवधी कागदांपैकी बहुतेक फार्सी व उर्दूत आहेत. मराठ्यांच्या कारभाराचे कागद मोडीत आहेत. मोडी लिपीला २०१४ साली संगणकाच्या युनिकोड प्रणालीत स्थान मिळाले, परंतु ती वाचणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. याच हैदराबाद राज्याच्या सेवेत राहून फार्सी, उर्दू, तेलुगू आणि गोंडीही आत्मसात करणाऱ्या सेतुमाधवराव पगडींनी मराठ्यांच्या इतिहासासाठी फार्सी साधनांची दारे उघडली. त्यांच्याजवळ संगणक नव्हता. त्यांच्याजवळ भाषा होत्या. आजच्या मुलांजवळ संगणक आहे. भाषा आपणच त्यांना दिल्या पाहिजेत.

आपल्या घरातील कपाट

आता थोडे आपल्या घरांविषयी. हिमायतनगर, नारायणगुडा, काचिगुडा, सुलतान बाजार या भागांतील मराठी घरे एकेक करून पडत आहेत व त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत. त्याविषयी तक्रार नाही. काळाचा तो क्रमच आहे. पण प्रत्येक घर पडताना एक कपाट रिकामे होते. त्या कपाटात लक्ष्मणराव फाटकांनी १९२० साली सुरू केलेल्या 'निजाम विजय' साप्ताहिकाचा एखादा अंक असेल. विवेकवर्धिनीच्या जुन्या संमेलनाचा कार्यक्रम असेल. गणेशोत्सवाच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, मंगलाष्टके, आजीची पाककृतींची वही, आजोबांचा पत्रव्यवहार असेल. आपल्याला त्यात रद्दी दिसते. पन्नास वर्षांनी कोणी भाची आपल्या समाजाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा तिला त्यात पुरावा दिसेल. मोठमोठ्या संग्रहांत राजेरजवाड्यांचे कागद सापडतील. वाचनमंडळातल्या बायका तेथे सापडणार नाहीत.

आम्ही आजींच्या दोन्ही ट्रंका रद्दीवाल्यापासून सोडविल्या आणि भाचीने जाण्यापूर्वी मला काही नियम लिहून दिले. वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून ते येथे देतो. हे काम साध्या मोबाइलनेही होते. पुस्तक खिडकीशेजारी, सावली न पडेल अशा उजेडात ठेवावे. मुखपृष्ठ, नामपृष्ठ आणि मुद्रक-प्रकाशकाचे पान यांचे चित्र प्रथम घ्यावे. कारण नाव-गाव-साल नसलेले पुस्तक म्हणजे बेवारस मूल. त्यानंतर एकही पान न वगळता, जाहिराती व कोरी पानेसुद्धा घ्यावीत. समासातील हस्ताक्षर पुसू नये. कोणी, केव्हा, काय वाचले याची ती साक्ष असते. पाने गहाळ असतील तर तसे स्पष्ट लिहावे. संचिकेला देवनागरीत लेखक, ग्रंथ आणि साल यांचे नाव द्यावे, आणि प्रत कोणाच्या घरची ते नोंदवावे. लेखकाच्या निधनास साठ वर्षे झाली नसतील तर आपल्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क शिल्लक असतो. अशा वेळी वारसांची संमती घेतल्यावाचून ती प्रत सर्वांसाठी खुली करू नये. खाजगी पत्रांच्या बाबतीत तर घरच्यांचा विचार घेणे अगत्याचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चित्रे काढून झाली म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये. तो एखाद्या ग्रंथालयास द्यावा, निदान कोरड्या जागी जपून ठेवावा.

त्या पुस्तकाची गहाळ दोन पाने भाचीने नीट टिपून घेतली आहेत. ग्रंथकर्त्याच्या निधनाला साठ वर्षे उलटली आहेत याची खात्री करून ती तिने पडद्यावरील प्रतीच्या सोबतीस ठेवली, आणि प्रबंधाच्या तळटिपेत आढेवेढे न घेता लिहिले: मजकूर डिजिटल प्रतीतून वाचला, पृष्ठे ११२ व ११३ हिमायतनगर येथील खाजगी संग्रहातील प्रतीतून. आजींना तिने ते वाचून दाखविले. "खाजगी संग्रह!" आजी हसत म्हणाल्या, "माझ्या ट्रंकेला एवढं मोठं नाव?" आणि मग जरा थांबून, "ह्यांना फार बरं वाटलं असतं हो," असे म्हणाल्या.

आपल्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती.